नसीम आपाचं विमान

नसीम आपा गेल्याचा निरोप शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तेव्हा मी आधी तो कुणी टाकलाय ते बघितलं. मग त्याला फोन केला. त्यालाही दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी लातूरला आपांच्या धाकट्या भावाला, रियाजला, फोन लावला. तो म्हणाला, "हाव मॅडम, खरं हाय. पहाटेच्या नमाजानंतर गेल्या." मग जरा थांबून म्हणाला, "खात्री करून घेतली ते बरं केलं. आपाला आवडलं असतं."

खरंच आवडलं असतं. आपांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानली नाही.

नांदेडच्या एका मुलींच्या शाळेत आम्ही बरीच वर्षं बरोबर होतो. त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. राहायलाही एकाच इमारतीत. त्या आणि त्यांची अम्मी तळमजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. उंच, काटक बाई. फिक्या रंगाचा सलवार-कमीज, डोक्यावरची ओढणी पिन लावून पक्की केलेली, आणि काखेत पर्स अशी धरलेली की ती पर्स कुणी ओढून नेण्याआधी आपांनाच न्यावं लागलं असतं. स्टाफरूममध्ये कुणी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला की बाकीचे पेढा उचलायचे, आपा विचारायच्या, "कशाबद्दल?" कारण ऐकून, पटलं तरच घ्यायच्या. रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला विचारायच्या, कोणत्या रस्त्यानं नेणार. रस्ता त्यांना पाठ असायचा. त्याला येतो का, आणि तो खरं बोलतो का, एवढंच बघायचं असायचं. औषधाच्या पाकिटावरची तारीख दुकानात एकदा वाचायच्या आणि घरी येऊन खिडकीच्या उजेडात पुन्हा एकदा.

मुलींना त्यांची धास्ती वाटायची ती चुकलेल्या उत्तरांमुळे नव्हे. एखादीचं उत्तर पटकन बरोबर आलं की आपा तिच्या बाकापाशी जाऊन उभ्या राहायच्या. "उत्तर बरोबर हाय. म्हणूनच शंका येऊन राहिली. पायऱ्या दाखव."

त्यांच्या या स्वभावाचं कारण अम्मींनी एकदा मेथी निवडताना मला सांगितलं. आपांचं लग्न लातूरच्या एका घरात झालं होतं. मुलगा सरकारी नोकरीत आहे असं सांगितलं होतं, नोकरी नव्हतीच. वर्ष व्हायच्या आत आपा परत आल्या. आपा स्वतः त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. एकदाच, दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा, म्हणाल्या, "आमच्या वेळी चौकशी कमी पडली." बस, एवढंच.

रियाज त्यांच्यापेक्षा खूपच लहान. आपांनीच त्याला वाढवलेला. आयटीआय करून तो आखाती देशात गेला आणि तिथल्या विमानतळावर टेक्निशियन म्हणून लागला. म्हणजे त्यानं तसं कळवलं. अम्मींनी गल्लीभर सांगितलं की आमचा रियाज विमानं दुरुस्त करतो. पहिल्याच वर्षी सुट्टीवर येणाऱ्या हिमायतनगरच्या एका माणसाबरोबर त्यानं घरी एक खोकं पाठवलं. झाकणावर आभाळात झेपावणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानाचं झकास चित्र. रियाज ज्या विमानांवर काम करायचा, त्याच जातीचं. अम्मींनी हौसेनं उघडलं, तर आत नुसते तुकडे. करड्या प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले पंख, चाकं, शेपटी, कणाकणाएवढ्या काड्या.

अम्मींना वाटलं, रस्त्यात फुटलं. आपांना वाटलं, हिमायतनगरवाल्यानं चांगलं विमान ठेवून घेतलं आणि फुटकं दिलं. त्याला फोनही झाला. तो बिचारा दुखावला आणि पुढे कधीच सामान आणायला तयार झाला नाही. मग खोक्याच्या तळाशी सूचनांचा कागद सापडला तेव्हा कळलं, हे आपण जोडायचं असतं, रंगवायचं असतं. रियाजनं ते तयार खेळणं समजून विकत घेतलं होतं. आपांनी कागद समोर ठेवून एकेक तुकडा पडताळला. सगळे बरोबर निघाले. त्यानं तर त्या जास्तच अस्वस्थ झाल्या.

पण त्या दिवसापासून विमान त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं ते आलंच.

मला वाटतं, हे काम त्यांच्यासाठीच जन्माला आलं होतं. कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यात गुण ठरतो. गोंद लावायचा तर आधी फेकून द्यायच्या चौकटीवर लावून बघायच्या. रंग द्यायचा तर आधी प्लास्टिकच्या चमच्यावर. त्यांच्या खिडकीत पांढऱ्या, करड्या, निळ्या रंगांत बुडवलेले चमचे वाळत पडलेले असायचे. माझ्या सासूबाई ते बघून मला म्हणाल्या, त्या बाईकडे जास्त जाऊ नकोस, काहीतरी करणी दिसते. विमानाच्या पोटाचे दोन अर्धे जोडल्यावर मधली शीव दिसू नये म्हणून आपा ती पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासत बसायच्या. मग डोळे मिटून तिच्यावरून नख फिरवायच्या. "डोळे फसवतात," म्हणायच्या, "नख न्हाई फसवत."

नांदेडच्या उन्हाळ्यात स्प्रेचा रंग विमानापर्यंत पोचेस्तोवर हवेतच वाळायचा आणि पिठासारखा बसायचा. म्हणून त्या सकाळी लवकर, न्हाणीघरात आधी पाणी शिंपडून धूळ बसवायच्या आणि तोंडाला ओढणी बांधून रंग मारायच्या. वर परात झाकायच्या. तरी पहिल्या पांढऱ्या हातात एक मुंगी चिकटली. ती माझ्या घरून आली, असं त्यांचं मत होतं.

थिनरचा वास जिन्यात पसरायला लागला तसं लोकांचंही सुरू झालं. मुस्लीम बाई, बंद न्हाणीघर, परदेशातला भाऊ, विमानाचे सुटे भाग. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण सोसायटीचे चेअरमन एकदा आपांकडे आलेल्या कुरिअरच्या पुड्यापाशी रेंगाळले आणि काय मागवलं म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं. आपांनी तो पुडा तिथेच, पार्किंगमध्ये, चार माणसांसमोर फोडला. आत चिमटा होता आणि चिकटपट्टी. चेअरमन ओशाळले. आपा शांतपणे म्हणाल्या, "मी तुमच्यावर रोजच शंका घेते, साहेब. तुम्ही आज घेतली. बराबर झालं." मग फोडलेला पुडा तसाच काखेत धरून त्या घरात गेल्या.

विमान पुढे सरकलं तसे प्रश्न निघाले. सूचनांच्या कागदावर एक रंग, खोक्याच्या झाकणावर दुसरा, मोबाइलवरच्या व्हिडिओत तिसरा. चाकं पोटात ओढून घेतात ती खोबण आतून कोणत्या रंगाची? पांढरी, करडी की हिरवट पिवळी? आपांचा तिघांवरही भरोसा नव्हता. घरातलाच माणूस विमानं हाताळतो म्हटल्यावर त्यांनी रियाजला विचारायला सुरुवात केली. फोन स्पीकरवर ठेवून विचारायच्या आणि मला शेजारी बसवायच्या, कारण साक्षीदार लागतो. बोलणं त्यांच्या घरच्या दखनीत चालायचं. मला ते आता मराठीतच आठवतं.

खोबण पांढरी असते, असं रियाज एकदा म्हणाला. पुढच्या आठवड्यात आपांनी पुन्हा विचारलं, तर करडी म्हणाला. फोटो पाठव म्हटलं, तर फोटोला बंदी आहे म्हणाला. ते खरं असू शकत होतं. आपांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघून.

एकदा खिडक्यांचा विषय निघाला. आपांना काही खिडक्यांचे पडदे अर्धे ओढलेले दाखवायचे होते. त्यांनी विचारलं, उभ्या विमानाचे पडदे वर असतात की खाली? आणि रियाज जो सुरू झाला तो थांबेचना. उन्हात विमान उभं असलं की सगळे पडदे खाली ओढावे लागतात, नाहीतर आत भट्टी होते. कोणत्या रांगेतला पडदा हमखास अडकतो. सीटच्या फटीत काय काय सापडतं. लहान पोरांचे बूट, जपमाळ, एकदा तर एका म्हाताऱ्याची कवळी. ती कवळी परत द्यायला तो कसा पळत गेला होता. अम्मी हसून हसून डोळे पुसत होत्या. आपा हसल्या नाहीत.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. विमानाच्या इंजिनाच्या तोंडाशी, अगदी मधोमध, गोगलगाईच्या पाठीवर असतो तसा एक पांढरा वळणदार पट्टा असतो. खोक्यात त्याची छोटी चित्रं होती, पाण्यात भिजवून चिकटवायची. आपांनी विचारलं, हा पट्टा कशासाठी असतो रे?

रियाज म्हणाला, "डिझाइन असतं. कंपनीची खूण."

फोन ठेवल्यावर आपा बराच वेळ टेबलावरचा रंगाचा डाग नखानं खरवडत राहिल्या. अम्मी आत गेल्यावर मला हळू आवाजात म्हणाल्या, "इंजिन चालू हाय का बंद, ते दुरून कळावं म्हणून तो पट्टा असतो. चालू इंजिनापाशी माणूस गेला तर आत ओढला जातो. जो इंजिनाला हात लावतो, त्याला हे पहिल्या दिवशी शिकवत असतील. ह्याला ठाऊक न्हाई. आणि कवळी कुठं सापडते ते ठाऊक हाय."

मी म्हटलं, विसरला असेल. त्या म्हणाल्या, "मंगल, पायऱ्या जुळून न्हाई राहिल्या."

इथवर ती एक खोड होती. पण त्याच सुमारास रियाजचं लग्न देगलूरला ठरत होतं. मुलगी मुबीना, फार्मसी शिकलेली, एका औषधाच्या दुकानात काम करणारी. वडिलांचं कापडाचं दुकान. मुलगा विमानाचा टेक्निशियन आहे, या एका गोष्टीवर त्यांनी हो म्हटलं होतं. आपांना आठवडाभर झोप नव्हती. आपल्या बाबतीत जे झालं तेच आता आपल्या घरातून दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या बाबतीत होणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

बांगडीचं माप घ्यायच्या निमित्तानं त्या देगलूरला निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. एसटीत त्या पर्स छातीशी धरून बसल्या. मागच्या सीटवर दोन बाया तेलुगूत भांडत होत्या, तेवढाच आवाज.

मुबीनाच्या घरी स्वागत चांगलं झालं. तिची आई चहा करायला आत गेली आणि आम्ही तिघी बैठकीमागच्या खोलीत राहिलो. आपांनी बांगडी काढलीच नाही. त्या म्हणाल्या, "बेटा, मला वाटतं रियाज टेक्निशियन न्हाई. विमानाच्या आत साफसफाई करत असावा. तुझ्या अब्बांना सांगायच्या आधी तुला सांगायला आले."

मुलगी लहानखुरी, चष्मा लावलेली. तिनं आपांकडे असं बघितलं, जसं कुणी औषधाची चिठ्ठी नीट वाचतं. मग विचारलं, "त्यांनी सांगितलं का तुम्हाला?"

"न्हाई."

"तुम्ही विचारलं?"

आपांनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"गोलगोल विचारलं असेल," मुबीना म्हणाली. "सरळ विचारलं न्हाई. आपा, नांदेडहून देगलूरपर्यंत आलात, त्यापेक्षा एक फोन जवळ होता."

ती हे उद्धटपणे म्हणाली नाही. आईच्या पावलांचा आवाज आला तसं तिनं स्वतःचा हात पुढे केला आणि आपांना बांगडीचं माप घेऊ दिलं. आपांच्या हातून बांगडी एकदा खाली पडली.

इतकी वर्षं मी आपांना ओळखत होते, आणि मनातली खरी शंका त्या कधीच कुणाला सरळ विचारत नाहीत, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ज्याला शंका असते त्याला उत्तराची भीती असते, हे मला त्या दिवशी त्या मागच्या खोलीत बसून उमगलं.

देगलूरच्या बस स्टँडवर, शेंगदाण्याच्या गाड्यापाशी उभं राहून आपांनी फोन लावला. या खेपेला स्पीकर लावला नाही, पण मी शेजारीच होते आणि फोन जुना होता.

"रियाज, तू विमानात झाडलोट करतोस का?"

 एक बस मागं घेत होते, तिचा कंडक्टर ओरडत होता. मग रियाज म्हणाला, "हाव, आपा."

आपा शेंगदाणे भाजणाऱ्या माणसाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काम जड हाय का?"

"हाय."

"जेवतो का टायमावर?"

तेव्हा तो रडायला लागला. एजंटानं टेक्निशियनच्या हाताखाली लावतो म्हणून नेलं होतं. तिथं पोचल्यावर हातात कचऱ्याच्या पिशव्या दिल्या. घरी सांगणार होता, पण तोवर अम्मींनी गल्लीभर पेढे वाटले होते. आपांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, की मुबीनाच्या अब्बांना मी सांगणार नाही, ते तू सांगायचं. आणि मी मुबीनाला आधीच बोलून बसले आहे, तेही तुला सांगते.

त्यावर फोन बंद झाला.

रियाजनं त्याच आठवड्यात मुबीनाच्या वडिलांना स्वतः फोन केला आणि खरं सांगितलं. त्यांनी लग्न मोडलं. मग रियाज आपांशी बोलेनासा झाला. सफाई करतो हे ओळखलं, त्याचा त्याला राग नव्हता. त्याला न विचारता त्या परक्या घरी गेल्या, त्याचा होता. अम्मीही मुलीशी कामापुरतंच बोलायला लागल्या. घरात तिघांमधलं बोलणं असं तुटलं, आणि विमान एका पंखावर रंग, एका पंखावर नुसता करडा हात, अशा अवस्थेत परातीखाली पडून राहिलं. माझ्याकडे त्या पूर्वीसारख्याच यायच्या. बसायच्या, चहा प्यायच्या. एकदा मी चहात साखर घातली का असं विचारण्याऐवजी त्यांनी नुसताच पिऊन टाकला. मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

रमजान येऊन गेला. एका दुपारी मी खाली गेले, तर आपा फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि त्यांनी मला हातानं बसायची खूण केली. रियाज बोलत होता, इतक्या दिवसांनी त्यानंच फोन केला होता. तो तिथल्या एका टेक्निशियनला गाठून विचारून आला होता. त्याच्या विमानांची चाकांची खोबण आतून करडी असते, फिकट करडी, आणि आत नळ्यांचा गुंता असतो तो निराळ्याच रंगांचा. कोणती नळी कोणत्या रंगाची, तेही त्यानं विचारलं होतं. तो सावकाश एकेक सांगत होता.

आपांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "ज्याला विचारलं त्याचं नाव काय? किती वर्षं झाली त्याला तिथं?"

पलीकडे रियाज हसला. ते मलाही ऐकू आलं.

रंग मात्र त्याच दिवशी, त्यानं सांगितला तोच लागला. चमच्यावर आधी लावून बघितला, एवढंच. पुढे नळ्यांना एका केसाच्या कुंचल्यानं रंग देताना आपा श्वास रोखून धरायच्या आणि मला खोलीत यायला मनाई असायची. पूर्ण झालेलं विमान अम्मींनी बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगायच्या, "ह्याच्या आतलं सगळं आमचा रियाज सांभाळतो." आपा त्यावर काही म्हणायच्या नाहीत. ते खोटं नव्हतं.

मुबीनानं नंतर आलेली दोन्ही स्थळं नाकारली. तिसऱ्याच्या वेळी तिनं वडिलांना सांगितलं की ज्यानं स्वतः फोन करून आपलं काम सांगितलं, तो आता कमीत कमी खोटं तरी बोलणार नाही. त्यांना पटायला पुष्कळ वेळ लागला. पण लग्न झालं. देगलूरला, साध्या पद्धतीनं. आपा त्या दिवशी काझींच्या शेजारच्या साक्षीदाराला नाव पुन्हा नीट सांगायला लावत होत्या.

काही वर्षांनी अम्मी गेल्या. आपा निवृत्त झाल्या. रियाज परत आला आणि त्यानं लातूरला गाड्या आतून साफ करायचं दुकान टाकलं. लातुरात पाण्याची टंचाई, त्यात गाडी धुवायची म्हणजे लोक दोनदा विचार करतात. रियाज फेस आणि वाफ वापरून, बादलीभर पाण्यात अख्खी गाडी आतून लख्ख करायचा. विमानात पाणी ओतता येत नाही, तिथंच शिकलो, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. क्लासवाल्यांच्या, डाळमिलवाल्यांच्या गाड्या रांगेत उभ्या असायच्या. मुबीना हिशेब बघायची, आणि आपा त्यांच्याबरोबरच राहायला गेल्या.

मी भाचीच्या क्लासच्या चौकशीसाठी लातूरला गेले होते, तेव्हा दुकानावर डोकावले. ऊन मी म्हणत होतं. शेडखाली एक पांढरी जीप चारी दारं उघडी टाकून उभी होती आणि तिचा मालक, गळ्यात सोन्याची साखळी घातलेला जाडजूड माणूस, घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होता. गाडी कधीच तयार झाली होती, पण रियाजनं त्याला हात जोडून थांबायला सांगितलं होतं. आपांनी बघितल्याशिवाय आमच्याकडून गाडी जात न्हाई, असं तो म्हणाला, आणि मला जीपकडे बोट दाखवलं.

आपा मागच्या सीटखाली शिरल्या होत्या. बाहेर फक्त त्यांची पावलं आणि ओढणीचं एक टोक. आतून मोबाइलच्या बॅटरीचा उजेड हलत होता. मी हाक मारली. आतून आवाज आला, "कोण?" मी नाव सांगितलं. "कोणती मंगल?" मी नांदेडची म्हटलं, वरच्या मजल्यावरची. त्यावर आतून नुसतं "हं" आलं, आणि उजेड पुन्हा सीटच्या फटीवर गेला.

मालक मला म्हणाला, ताई, तुम्ही तरी सांगा, माझं कार्य आहे.  माझी बस सुटायला आली होती. मी रियाजचा निरोप घेतला, मुबीनानं हातात दिलेली पाण्याची बाटली घेतली आणि रस्त्यावर येऊन मागं वळून बघितलं. आपांची पावलं तेवढ्यात आणखी थोडी आत सरकली, आणि फटीत काहीतरी सापडल्यासारखी एकदम थांबली.